खोडलेल्या अकरा रात्री

सर,

तुमच्या शोकसभेत मला चौकीदार म्हटलं. माईकवरून म्हटलं. तुमच्या कॉलेजातले कोणी प्राध्यापक होते, बोलत चांगले होते. म्हणाले, सरांनी गावाबाहेर एका शेतात दुर्बीण बसवली होती आणि तिथल्या चौकीदारानेही त्यांना मोलाची साथ दिली. मी तिसऱ्या रांगेत होतो. आमच्या मंडळींनी माझा गुडघा दाबून धरला, कारण तिला माझा स्वभाव माहीत. तरी उठलो. म्हटलं, "साहेब, शेत माझं हाय. मग मी चौकीदार कुणाचा? माझाच का?"

लोक हसले. तुम्हीही हसला असता, चष्मा काढून, डोळे पुसत. मग मी बसलो आणि पुढचं काही ऐकलं नाही.

सभा संपल्यावर तुमची वसुधा आली. म्हणाली, "नाना, आम्ही घरचे बाबांच्या आठवणींचं लहानसं पुस्तक काढतोय. तुम्ही दोन शब्द लिहा." मी म्हटलं, पोरी, मी तिसरी शिकलेला माणूस, आणि माझं दोन शब्दांत भागायचं नाही. ती म्हणाली, हवं तेवढं लिहा. म्हणून लिहितो. माझं अक्षर वाकडं आहे, पण याच अक्षरातले आकडे तुम्ही इतकी वर्षं वाचलेत. तुम्हाला कधी अडचण आली नाही. एकदाच आली. त्या एकदाचंच सांगायचं आहे. बाकी तुमचा जन्म कुठला, शिक्षण काय, ते छापायला दुसरे पुष्कळ आहेत.

तुम्ही पहिल्यांदा आलात तेव्हा स्कूटर बांधावर लावली आणि मला विचारलंत, "तुमच्याकडे थोडा अंधार मिळेल का?" जागा मागितली नाही, अंधार मागितलात. मी गुलाब खुडत होतो. वाटलं, हा माणूस गुप्तधन शोधणारा दिसतो. आमच्या मंडळींनी तर तुम्ही गेल्यावर विहिरीजवळ खणलंय का ते बघून घेतलं. तेव्हा गंगापूर रोडला आमच्या अंगाला दिवे नव्हते. संध्याकाळ झाली की धरणापर्यंत काळोख. तो आम्हाला फुकट पडलेला होता, आणि तुम्ही तो मागायला आलात. मला बरं वाटलं. आमच्याकडचं फूल, भाजी सगळ्यांनी मागितली होती, काळोख कोणी मागितला नव्हता.

पत्र्याची खोली आपण दोघांनी बांधली. छप्पर रुळावर सरकणारं, जुन्या फाटकाची चाकं लावून. सरकवताना असं कुरकुरायचं की आमचा बैल बिचकून उभा राहायचा. दुर्बीण तुम्ही आणली, तिच्या बुडाशी उजेड मोजायची डबी. डबीवर लाल आकडे पळायचे. आधी शेजारचा तारा मोजायचा, जो कधी बदलत नाही. मग आपली जोडी, मग परत शेजारी, मग नुसतं रिकामं आभाळ. दहा-दहा सेकंद, घड्याळ लावून. मला वाटलं होतं तुम्ही मला दुर्बिणीतून चंद्र दाखवाल, शनीचं कडं दाखवाल. तुम्ही आकडे लिहायला बसवलंत.

त्या जोडीला तुम्ही इंग्रजी अक्षरं आणि नंबर म्हणायचात. मी जोडी म्हणायचो. दोन तारे, एकमेकांच्या इतके जवळ की तुमच्या दुर्बिणीतही एकच ठिपका दिसतो. तीन दिवसांना चार तास कमी, एवढ्यात एकमेकांभोवती एक फेरा. तुम्ही म्हणालात, यातल्या मोठ्यावर काळे डाग आहेत, आपल्याला ते कुठे आहेत हे काढायचंय. मी म्हटलं, ठिपका तर एक दिसतो, डाग दिसणार कसा? तुम्ही वहीत वर्तुळं काढायला लागलात. मी तुमचा हात धरला.

"थांबा सर. पांढरा बैल हाय. त्याच्या एकाच कुशीवर काळा डाग. तो खळ्यावर गोल फिरतोय आणि मी लांब टेकडीवरून बघतोय. बैल काय दिसत नाय, पांढरा ठिपका दिसतो. पण काळी कूस माझ्याकडं आली की ठिपका मंद होईल. गेली की उजळ होईल. हेच ना?"

तुम्ही वही मिटली. म्हणालात, "नाना, हे सांगायला मला वर्गात तीन तास लागतात."

मग विचारलंत, "आणि दोघं सारखे एकमेकांकडे तोंड करून का फिरतात?" म्हटलं, एका जुवाला जुंपलेत, तोंड फिरवतील कुठं? तुम्ही त्या दिवशी दोन भाकरी जास्त खाल्ल्यात. मी मोजल्या होत्या.

आणि कोहळा! मोसम संपला की सगळे आकडे मांडून तुम्ही कागदावर उजेडाची चढउतार काढायचात, खाटेवर बसून, वाऱ्याने कागद उडू नये म्हणून कोपऱ्यांवर माझे टोमॅटो ठेवून. मग आमच्या वेलावरचा एक कोहळा घ्यायचात आणि कोळशाने त्याच्यावर डाग काढायचात. हा ताऱ्याचा नकाशा. दर वर्षी एक कोहळा. आमच्या मंडळींनी पहिल्यांदा बघितलं तेव्हा ओरडली, "अहो सर, सांडग्याचा कोहळा होता तो! काळं फासून ठेवलंत त्याला!"

तुम्ही गंभीर चेहऱ्याने म्हणालात, "वहिनी, हा आता कोहळा नाही. तारा आहे."

"तारा हाय तर फळीवर कशाला? टांगा वर."

टांगलात की हो तुम्ही खरंच. शिंक्यात घालून तुळईला. वर्षभर तो तिथे फिरत होता आणि तुम्ही येता-जाता त्याला बोट लावून सरळ करायचात.

तुमचा एक नियम होता. ज्याने पाहिलं त्याने पानाखाली सही करायची. तुम्ही पाहिलं तर तुमची, मी पाहिलं तर माझी. मी म्हटलं, माझ्या सहीला काय किंमत? तुम्ही म्हणालात, "आकड्याची किंमत सहीमुळेच आहे, नाना. नाहीतर कुणाचेही आकडे." त्याआधी माझी सही घ्यायला फक्त तलाठी आला होता. मी घरी येऊन जुन्या पाटीवर सही गिरवली, तीन दिवस. हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. आता सांगून टाकतो.

आता त्या थंडीचं.

तुमच्या आई सिन्नरला आजारी पडल्या आणि तुम्ही तिकडे जाऊन राहिलात. जाताना बॅटरीला लाल कागद गुंडाळून दिलात, म्हणालात, "नाना, आता तुम्हीच. एकही रात्र चुकवू नका." मी चुकवली नाही. अकरा रात्री सलग आभाळ नितळ होतं आणि अकरा रात्री मी बसलो. जेवण झालं की कांबळं घेऊन जायचं, छप्पर सरकवायचं, शेजारी, जोडी, शेजारी, आभाळ. खाली सही.

दुसऱ्या रात्री जोडी मंद झाली. तुमच्या कोहळ्याप्रमाणे त्या रात्री तिची पांढरी कूस आपल्याकडे यायची होती. मी परत मोजलं. मंदच. पाचव्या रात्री तीच बाजू फिरून आली, पुन्हा मंद. आठव्या रात्री पुन्हा. अकराव्या रात्री पुन्हा. म्हणजे बैलाच्या दुसऱ्या कुशीवर नवा डाग पडला होता, सर. तुम्ही नसताना. मी पाहिला. दुनियेत त्या वेळी तो आणखी कोणी पाहत होतं की नाही मला माहीत नाही, पण आमच्या पत्र्याच्या खोलीतून तो मी पाहिला. मला इतका आनंद झाला की मी बैलाला जाऊन सांगितलं.

तुम्ही परत आलात ते दुपारी. मुंडण केलेलं होतं, आई गेल्या होत्या. मला ते कळत होतं, तरी मी वही पुढे केली, कारण दम धरवत नव्हता. तुम्ही वही घेतली आणि तुमची नजर बागेच्या कडेला गेली. तिथे राखेचे ढीग होते.

"नाना, ही राख कसली?"

"शेकोट्यांची. थंडीनं द्राक्षाचे मणी तडकायला लागले होते. धूर केला बागेला."

"शेकोट्या पहाटे करतात ना?"

"लोक करतात पहाटे. मला तुमच्या यंत्रापाशी बसून पहाटे उठवत नव्हतं. संध्याकाळीच ढीग धुमसत ठेवले."

तुम्ही पानं उलटली. "वहीत धूर लिहिलेला नाही."

"वारा खालच्या अंगाला होता. यंत्राकडं आला नाय धूर."

"किती रात्री केलात?"

"दोन-तीन."

"कोणत्या?"

आणि इथे माझं डोकं फिरलं. तुम्ही विचारलंत ते मास्तरसारखं विचारलंत. मी तुमचा विद्यार्थी नव्हतो. अकरा रात्री कांबळ्यात कुडकुडलो होतो, आणि तुम्ही मला नव्या डागाबद्दल एक शब्द न विचारता राखेबद्दल विचारत होता. मी म्हटलं, "नाय आठवत."

तुम्ही म्हणालात, "मग मला अकराच्या अकरा रात्री धुराच्या धराव्या लागतील," आणि खिशातून लाल पेन्सिल काढून, उभ्या उभ्या, एकेका पानावर तिरकी रेघ ओढलीत. अकरा रेघा. प्रत्येक रेघ आकड्यांवरून निघून खाली माझ्या सहीवरून गेली.

आकडे खोडा, सर. सही कशाला खोडली?

हे मी तेव्हा विचारलं नाही. दुसरंच काहीतरी बोललो, तुमच्या शिक्षणावर बोललो, नको ते बोललो. सुतकातल्या माणसाला बोललो. त्याबद्दल माफी मागतो, पण तेवढ्याबद्दलच. संध्याकाळी मी खोलीला कुलूप घातलं आणि किल्ली करगोट्याला बांधली.

महिनाभर कुलूप होतं. तुम्ही दोनदा आलात, बांधावर उभे राहिलात आणि परत गेलात. मी गुलाबात वाकून होतो, मला दिसत होतात. हाक मारली असतीत तर कदाचित उघडलं असतं. तुम्हीही काही कमी हट्टी नव्हता. शेवटी आमच्या मंडळींनी मी झोपेत असताना किल्ली सोडली आणि मेथीच्या दोन जुड्यांबरोबर तुमच्या घरी नेऊन दिली. तुम्हाला म्हणाली, "दोघांचं जोडीचं याड हाय आणि तुमची स्वतःची जोडी फुटली व्हय?" दुसऱ्या दिवशी तुम्ही येऊन छप्पर सरकवलंत. मीही गेलो. आकडे लिहायला बसलो. पण तोवर जोडी पश्चिमेला उतरली होती. मोसम संपला.

पुढच्या हिवाळ्यात तो डाग नव्हता. तुम्ही एवढंच म्हणालात, "बघा नाना, नाही." मी म्हटलं, गेल्या वर्षीचं गळू यंदा दिसत नाय म्हणून ते झालंच नव्हतं का? तुम्ही हसलात. वाद तिथेच राहिला. त्या वर्षीच्या कोहळ्यावर एकच डाग राहिला, तुमचा.

नंतर किती वर्षं आपण एकत्र बसलो. तुमच्यामुळे मला दशांश आले, मिनिट-सेकंद आले, आभाळाचं पंचांग तोंडपाठ झालं. तिसरीतून उठवलेल्या माणसाला तुम्ही पुन्हा बसायला जागा दिलीत, तीही त्याच्याच शेतात. ते मी विसरलेलो नाही. मग गंगापूर रोडला लग्नाची लॉन्स आली, त्यांचे मोठाले दिवे आले, बंगले आले. आभाळ दुधासारखं झालं. शेवटी एका दिवाळीत आपण दुर्बिणीवर ताडपत्री घातली. तुम्ही म्हणालात, "नाना, तुमच्याकडचा अंधार संपला." मी म्हटलं, मी नाही संपवला.

तुम्ही अंथरुणाला खिळलात तेव्हा मी दर आठवड्याला गुलाब घेऊन यायचो. एकदा वसुधा चहा करायला आत गेली आणि तुम्ही डोळे मिटूनच म्हणालात, "नाना, त्या धुराच्या रात्री कोणत्या होत्या हो?"

इतक्या वर्षांनी. म्हणजे तुम्हालाही सलत होतं.

मला त्या रात्री पाठ होत्या. पहिल्या दिवसापासून पाठ होत्या. पण मी म्हटलं, "आधी बरे व्हा. मग भांडू. मग सांगतो." मला वाटलं, हे राखून ठेवलं तर तुम्ही त्याच्यासाठी तरी उठाल. तुमच्यासारखा माणूस उत्तर मिळाल्याशिवाय जायचा नाही, असा माझा हिशेब होता. चुकला. तुम्ही पुढचा गुलाबाचा वार पाहिला नाहीत.

तर आता ऐका.

तिसरी, चौथी आणि नववी. या तीन रात्री धूर होता. वारा खालच्या अंगाला होता हे खरं, पण मधे फिरला. खोलीवर धूर आला. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, डबीवरचे आकडे नाचायला लागले, तरी मी लिहिले आणि खाली सही केली, कारण तुम्ही म्हणाला होता एकही रात्र चुकवू नका. धूर असं लिहायला हवं होतं, लिहिलं नाही. वाटलं, तुम्ही म्हणाल नानाने यंत्रापेक्षा द्राक्षं सांभाळली. सांभाळली होती. पोट त्यावर होतं. त्यात लाजण्यासारखं काही नव्हतं आणि मी लाजलो. तीन रात्रींची चूक माझी.

पण डाग कोणत्या रात्री दिसला? दुसरी, पाचवी, आठवी, अकरावी. त्यातली एकही धुराची नाही, सर! एकही नाही. धूर वारा बघून येतो. तो दर तिसऱ्या रात्री त्याच कुशीवर हजेरी लावत नाही.

परवा वसुधा वह्या न्यायला आली. सगळे आकडे ती बाहेर एका संस्थेकडे पाठवणार आहे, तिथे अशा जोड्यांची वर्षानुवर्षांची नोंद ठेवतात. लाल रेघेची पानं तिने बाजूला काढली होती. मी म्हटलं, ही पण जाणार. ती म्हणाली, "नाना, बाबांनी खोडलंय ते मी कसं धरू?" अगदी तुमची पोरगी. मी म्हटलं, बस, कागद घे. आठ रात्री सांगतो, मांड.

खाटेवर बसून तिने मांडल्या. वारा होता. मी कोपऱ्यांवर टोमॅटो ठेवले. तिच्या हाताखाली ठिपके उमटत गेले, आणि चार ठिपके खाली उतरून एका ओळीत आले, खळग्यासारखे. तिने ते चार ठिपके पेन्सिलीने जोडले. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "नाना, हे बाबांना का नाही सांगितलंत?"

सर, त्या शोकसभेत लागलं नव्हतं तेवढं मला इथे लागलं. एवढं म्हणायला अर्धं मिनिट लागलं असतं. तिसरी, चौथी, नववी. तुम्ही आठ रात्री परत धरल्या असत्या. कुलूप घातलं नसतं तर तुम्ही स्वतःच तो डाग पाहिला असता, मग भांडायलाच काही उरलं नसतं. माझ्या सहीसाठी मी तुमचा डाग अडवून ठेवला. हे खरं आहे आणि हे मी इथे छापायला देतो आहे.

पण म्हणून डाग खोटा होत नाही.

वसुधा म्हणाली, चार ठिपक्यांवर ते लोक मानतील की नाही सांगता येत नाही. तुमची रेघ ती पुसणार नाही, त्याखाली माझं म्हणणं लिहून दोन्ही पाठवणार आहे. म्हटलं, चालेल. त्यांना काय मानायचं ते मानू दे. फक्त माझ्या नावापुढे मदतनीस लिहू नको, चौकीदार तर नकोच. पाहणारा म्हणून लिही. ती म्हणाली, मग सही लागेल. मी आठ पानांवर नव्याने सही केली, तुमच्या लाल रेघेच्या शेजारी. मग तिच्या पर्समधलं लाल पेन मागून घेतलं आणि तिसरी, चौथी, नववी ही तीन पानं माझ्या हाताने खोडली. तुमच्या रेघेवरून आडवी माझी रेघ. त्या तीन पानांवर आता आपलं दोघांचं एकमत आहे. सही मी तिथेही ठेवली. पाहिलं मीच होतं.

ती गेल्यावर वेलावरचा चांगला बघून एक कोहळा काढला. आमची मंडळी दारातून म्हणाली, "आता कशाला? सर गेले की." कोळशाने आधी तुमचा डाग काढला, जसा तुम्ही काढायचात, खाली निमुळता. मग कोहळा फिरवला आणि दुसऱ्या कुशीवर माझा काढला. चांगला मोठा काढला. पत्र्याच्या खोलीत तुळईला तेच शिंकं अजून होतं, त्यात टांगला.

वारा आला की तो फिरतो. एकदा तुमचा डाग समोर येतो, एकदा माझा. खाली फळीवर तुमची इथेच राहिलेली लाल पेन्सिल ठेवली आहे, टोक करून. पटत नसेल तर या, आणि खोडा.